मांजरांची वाघर

मला आयुष्यात न कळलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण त्या सगळ्या एकीकडे आणि आमचे थोरले साडू एकीकडे. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. लग्न झालं त्या दिवसापासून मी त्यांना ओळखतो; म्हणजे ओळखतो असं आपलं म्हणायचं. ज्या ज्या वेळी मला वाटलं की बुवा, हा माणूस आता आपल्याला समजला, त्या त्या वेळी त्यांनी असं काहीतरी करून ठेवलं की माझी पाटी पुन्हा कोरी. अख्ख्या बीड जिल्ह्यात इतका साधा माणूस सापडायचा नाही, हे मी शपथेवर सांगेन. आणि इतक्या साध्या माणसाचं वागणं इतकं अवघड कसं, असं कुणी विचारलं तर मी दुकानाचं शटर ओढून घरी निघून जाईन.

साडूभाऊंचा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन गंगेकडं, म्हणजे आमच्या गोदावरीकडं निघायचं. वाटेत कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत पडलं की पुढचं रान. आणि मिरगाच्या तोंडावर माघारी वडवणीला. आमच्या घरात वडिलांनीच मेंढरं मोडून हार्डवेअरचं दुकान टाकलं, त्यामुळे मी जन्मानं धनगर असलो तरी माझा कळप म्हणजे खिळे, बिजागऱ्या आणि पत्रे. ठेवलं तिथं राहतात, हा त्यांचा मोठा गुण. साडूभाऊंना मात्र माझ्या धंद्याची कीव येते. एकदा दुकानात बसून तासभर बघत होते. शेवटी म्हणाले, "पाव्हणं, दिसभर एकाच जागी बसता तुमी. पाय रागावत न्हाईत व्हय?" पाय रागावतात म्हणजे काय करतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तर त्यांच्याच पायांनी दगा दिला. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी कळप पुतण्याच्या हवाली केला आणि कायमचे घरी आले. माणूस घरी आला, पण डोक्यातली मेंढरं काही उतरली नाहीत. माणसं दिसली की मोजायची, ही पहिली खोड. आमच्या पुतणीच्या लग्नात पंगत बसली, वाढपी भात घेऊन निघाले, तर हे काठी टेकवत रांगेच्या कडेनं गेले आणि ओरडले, "थांबा बे, दोघं कमी हायत!" आणि खरोखर मांडवामागं विड्या ओढत बसलेले दोन पाव्हणे त्यांनी हर्रऽऽ हर्रऽऽ करत आणून पानावर बसवले. ते दोघं मुलाकडचे होते. एसटीत बसायचं तर शेवटच्या सीटवर, कारण सगळे समोर दिसले पाहिजेत. झोपायचं अंगणात बाजेवर, कडाक्याच्या थंडीतही, का तर छताखाली "वरचं दिसत न्हाई". वर काय बघायचं असतं हे मी विचारलं नाही. माझ्या दुकानासमोर आले की हाक मारायची नाही, शीळ घालायची. सांगायला लाज वाटते, पण ती शीळ ऐकली की गिऱ्हाईक सोडून मी बाहेर येतो. का येतो, हे मला माहीत नाही. पाय येतात.

आता अक्का. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. नवरा वर्षातला बराचसा काळ रानोमाळ, त्यामुळे घर, लेक, लेकीचं लग्न, सगळं त्या बाईनं एकटीनं ओढलं. माजलगावला लेक दिली तेव्हासुद्धा साडूभाऊ अक्षतांना पोचले आणि जेवण झाल्यावर निघाले, कारण कळप पैठणच्या बाजूला होता. घरामागं अक्कांनी एक बाग केली आहे. पेरू, लिंबू, कढीपत्ता, मोगऱ्याच्या दोन रांगा, आणि मधे शेवग्याचं एक वेडंवाकडं झाड. आणि त्या बागेत मांजरं. अक्कांच्या घरी कायम मांजरं. एकटं घर खायला उठतं, म्हणून पहिलं मांजर पाळलं असं त्या एकदा आमच्या हिला म्हणाल्या होत्या. साडूभाऊ कायमचे आले तेव्हा चार मांजरं होती, आणि खरं सांगायचं तर घर त्या चौघांचं होतं. यांना साखरेचा डबा कुठं आहे हे ठाऊक नाही, मोरीचा दिवा कोणत्या बटणावर लागतो हे ठाऊक नाही, आणि बाजेवर बसावं तर तिथं आधीच एक बोका पसरलेला. साडूभाऊ त्याला उठवायचे नाहीत, कडेला टेकायचे. आम्ही गेलो की आमच्यापेक्षा तेच जास्त पाव्हण्यासारखे दिसायचे.

अशात घरासमोरचा रस्ता रुंद झाला. पूर्वी तिथून बैलगाड्या आणि दिवसाकाठी चार-दोन एसट्या जायच्या. आता ऊस सुरू झाला की दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, वर हे मोठे गाण्यांचे कर्णे लावून, माजलगावकडं धडधडत सुटतात. मागच्या हंगामात त्यातल्या एका ट्रॅक्टरखाली अक्कांचा गुलछबू गेला. तांबडा, गलेलठ्ठ, भलता लाडका बोका. अक्कांनी पदर खोचून स्वतः लिंबाखाली खड्डा केला. साडूभाऊ मदतीला पुढं झाले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमची न्हाई त्याची वळख." दोन दिवस चूल पेटली नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर नवऱ्याला सांगून टाकलं, "अजून एक जरी मांजर त्या ट्रॅक्टरखाली गेलं ना, तर ऱ्हायलेली पिशवीत घालून मी माजलगावला लेकीकडं ऱ्हायला जाईन. मग बसा तुमी हितं एकलेच, भिंती मोजत."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या. पण मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा साडूभाऊंचा चेहरा पार उतरला होता. म्हणाले, "पाव्हणं, आता कुटं मी घरी आलतो, अन् आता ही चालली." मी म्हणालो, "असं काही होणार नाही. मांजरं बागेत कोंडू, म्हणजे झालं. तुम्ही तर शेकड्यानं मेंढरं कोंडलीत!" हे माझं वाक्य. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून घडलं, हे मी कबूल करतो.

दुसऱ्याच दिवशी साडूभाऊंनी माळ्यावरून वाघर काढली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. मेखा ठोकायच्या, त्यावरून जाळी गोल ताणायची, झाला वाडा. आम्हा उभयतांना समारंभाला बोलावणं होतं. साडूभाऊ बागेच्या मधोमध उभे राहिले आणि धनगर कोंडतो तसं त्यांनी आतून, स्वतःभोवती वाघर लावत नेली. काय तो हात! मेख, फास, ताण. मेख, फास, ताण. गुडघे दुखायचे बंद झाले की काय असं वाटावं. शेवटची गाठ मारून त्यांनी सवयीनं मोजायला बोट वर केलं आणि थांबले. आत फक्त तेच होते. कोतवाल नावाचा बोका, साळू नावाची करडी मांजरी आणि बत्ताशी नावाची पांढरीशुभ्र मांजरी, ही तिघं वाघरीबाहेर ओळीनं बसून त्यांच्याकडं बघत होती. साडूभाऊंनी मला विचारलं, "पाव्हणं, ही भाईर कवा गेली?" मी म्हणालो, "ती आत कधी होती?" यावर आम्ही दोघंही बराच वेळ विचार करत राहिलो. आमची ही मात्र तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली.

मग त्यांनी म्होरक्या नेमला. मेंढरांचं असं असतं, की एकाच्या गळ्यात घंटी बांधली की बाकीची त्याच्यामागं जातात. एकाला धरलं की सगळा कळप हातात. कोतवालाच्या गळ्यात पितळेची घंटी आली. परिणाम एवढाच झाला, की कोतवाल निघाला की साळू एकीकडं आणि बत्ताशी दुसरीकडं जायची, आणि वडवणीतल्या यच्चयावत उंदरांना कोतवाल कुठं आहे हे बसल्या जागी कळायला लागलं. उंदीर म्हणे ज्वारीच्या कणगीवर घंटी ऐकत बसायचे. बिचाऱ्याची शिकार बंद पडली. साडूभाऊ त्याला समोर बसवून समजवायचे, "तू म्होरक्या हायस. म्होरक्यानं मागं बघायचं आस्तं, कोण आलं, कोण न्हाई." कोतवाल पंजा चाटत ऐकायचा. शेवटी अक्कांनी घंटी सोडून देवघरात ठेवली. "घंटी हितं शोभती," म्हणाल्या.

त्यानंतर पुतण्याकडून राखणीचं कुत्रं आणलं. लांडग्याच्या अंगावर जाणारं, गळ्यात खिळ्यांचा पट्टा असलेलं, बघूनच धडकी भरावी असं. साळूनं त्याच्या नाकावर एक पंजा ओढला तेव्हापासून ते बाजेखालून बाहेर आलं नाही, आणि त्याची भाकरी कोतवाल खायला लागला. ते परत सोडायला मला माझ्या टेम्पोतून न्यावं लागलं. वाटेत कुत्रं माझ्याकडं असं बघत होतं की जणू हे सगळं मी घडवून आणलं.

मग आमची ही पुढं सरसावली. तिनं मोबाईलवर कुण्या परदेशी बाईचा व्हिडिओ दाखवला. बागेला चारी बाजूंनी तारेची उंच जाळी, आणि वरची हातभर जाळी वाकवलेली. मांजर चढतं, वाकलेल्या भागाला अडतं, उलटं लटकायचा कंटाळा येतो आणि उतरतं. साडूभाऊंनी व्हिडिओ तीनतीनदा बघितला, मोबाईल उलटा करून त्याच्या मागंही काही आहे का ते बघितलं आणि म्हणाले, "समजलं." ते समजलं म्हणाले की मला भीती वाटते. तरीपण मी दुकानातून लोखंडी अँगल वरून वाकवून दिले, जाळी दिली. त्यांनी आठवडाभर खपून कुंपण उभं केलं. अगदी देखणं काम. मी चारी बाजूंनी फिरून बघितलं, हातानं हलवून बघितलं, शाबासकी दिली. माझा धंदा लोखंडाचा, म्हणून हे मुद्दाम सांगतो, की मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या दिवशी तिन्हीसांजेला कोतवाल जाळीवर चढला, वरच्या वाकवलेल्या भागावर आरामात पाय पसरून दोन मिनिटं बसला आणि रस्त्याच्या बाजूला उतरला. त्यामागून साळू. तिच्यामागून बत्ताशी. म्होरक्यामागं कळप जाण्याची ही पहिली आणि शेवटची वेळ. आणि मग त्यांना भूक लागली आणि परत यायचं होतं, तर येता येईना. कुंपणाचा वरचा भाग बाहेर वाकलेला! आतून जायला पायरी आणि बाहेरून यायला आडकाठी. आत अक्का दुधाची वाटी घेऊन, बाहेर मांजरं केविलवाणी ओरडतायत, आणि मागं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून धावतायत. अक्का तशाच धावत बाहेर गेल्या, तिघांना कवटाळून आत आणलं, आणि नवऱ्याला एक शब्द न बोलता माळ्यावरची मोठी पिशवी काढून खुंटीला लावली.

"अहो साडूभाऊ," मी म्हणालो, "उलटं वाकवलंत की!"

"उलटं कसं? लांडगा कुटून येतो?"

"बाहेरून."

"मग भाईरच्यालाच आडवायचं न्हवं?"

"पण इथं लांडगा नाही हो! मांजर आतून बाहेर जातंय!"

साडूभाऊ माझ्याकडं बघतच राहिले. त्यांचा चेहरा इतका गोंधळलेला मी कधी बघितला नव्हता. हळूच म्हणाले, "पाव्हणं, आतल्याला भाईर कावून जावं वाटंल? आत दूध हाय, सावली हाय, आपलं मानूस हाय."

अक्का दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे तुमी इचारता व्हय?" आणि आत निघून गेल्या. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. साडूभाऊंच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी पान्हा उचलला आणि अँगल सोडायला लागले.

अँगल आत वळले. पण ते वळवताना वरची जाळी फाटली, म्हणून साडूभाऊंनी तेवढ्या भागावर ती जुनी वाघर टाकली, आणि गुडघ्यांमुळे शिडीवर फार चढता येईना म्हणून नीट न ताणता, ढिलीच सोडली. आता यात काय जादू झाली मला विचारू नका. कोतवाल चढला, ढिल्या दोरीवर पंजा ठेवला, दोरी झुलली, कोतवालानं पंजा मागं घेतला, पुन्हा ठेवला, पुन्हा झुलली. मग तो इकडंतिकडं असं बघायला लागला की आपण वर काही कामासाठी आलोच नव्हतो, आणि गुमान उतरला. साळूचंही तेच. साडूभाऊ खाली बसून हे बघत होते. "ताणली आस्ती तर गेलं आस्तं," म्हणाले. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पेरूची एक फांदी कुंपणावरून जात होती, ती अक्कांनी स्वतः हातानं छाटली, तेव्हा मला जरा हायसं वाटलं. पिशवी मात्र खुंटीवरच होती.

राहिली बत्ताशी. तिचं आणि साडूभाऊंचं मुळीच पटायचं नाही. इतर दोघं निदान हाकेला कान तरी टवकारायची. ही पाठ करून बसायची ती बसायचीच. साडूभाऊंनी शीळ घालावी, हर्रऽऽ करावं, मेंढरांना बोलवायचे सगळे आवाज काढून बघावे, ही ढिम्म. "लई माजोरी हाय. असल्या मेंढराला मी बाजार दाखवला आस्ता," म्हणायचे. पुढं लस टोचायला म्हणून जनावरांच्या डॉक्टरांकडं नेली, तेव्हा त्यांनी तिच्या कानामागं चुटकी वाजवली आणि सांगितलं, ही जन्मापासून बहिरी आहे. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरं पुष्कळदा तशी असतात. साडूभाऊंना हे फार लागलं. टेम्पोतून उतरल्या उतरल्या अक्कांना म्हणाले, "मी हिला किती बोललो गं." अक्का म्हणाल्या, "तिला काय ऐकू गेलंय तवा?" आणि मग, कुणास ठाऊक किती दिवसांनी, दोघं एकमेकांकडं बघून हसले. मी तिथंच होतो म्हणून सांगतो.

त्या दिवसापासून साडूभाऊ बत्ताशीशी काठीनं बोलायला लागले. जमिनीवर काठी आपटली की तिला पायांतून कळायचं. ठक्‌ ठक्‌ केलं की पांढरा गोळा मोगऱ्यातून उठून यायचा. ते बागेत चालायचे आणि ती काठीमागं चालायची. ते थांबले की थांबायची. संध्याकाळी गेलं की हेच दृश्य. जिला काहीच ऐकू येत नाही तीच तेवढी यांचं ऐकते, याचा अर्थ काय लावायचा, या विचारात मी चहा थंड करायचो.

आणि मांजरं राहिली, पण साडूभाऊ काही बागेत रमेनात. मांजरं आत सुरक्षित झाली तशी यांना कामच उरलं नाही. कुंपणाला धरून उभे राहायचे आणि रस्त्याकडं बघायचे. दिवाळी झाली. पुतण्याचा कळप घरावरून जाणार असा निरोप आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुतण्याला निरोप द्यायला गेलो तर साडूभाऊ घोंगडं खांद्यावर टाकून, पागोटं बांधून तयार! गुडघ्यांचं काय, म्हटलं. "चाललं की गप ऱ्हातेत," म्हणाले. किती दिवसांसाठी? "बघू." अक्का भाकरी थापत होत्या. यांनी दारातूनच सांगितलं, "जातो मग." अक्का म्हणाल्या, "जावा." बस, एवढंच. मी एकदा यांच्याकडं बघतोय, एकदा त्यांच्याकडं. अडवावं तर कोणत्या तोंडानं, आणि जा म्हणावं तरी कसं?

बागेच्या फाटकातून बाहेर पडताना त्यांनी फाटक उघडं टाकलं. सकाळी वाघर उघडायची ती उघडीच ठेवायची, सगळा कळप बाहेर पडतो, ही जन्माची सवय. कळप रस्त्याला लागला होता. पुतण्यानं पुढची जागा काकाला दिली. साडूभाऊ काठी ठकठकवत पुढं, मागं मेंढरं, आणि शेपटाला मी व पुतण्या. आमच्या लोकांत एक आहे, कळप हलला की पुढच्या माणसानं मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर कळप अडतो म्हणतात. खरंखोटं मला माहीत नाही; माझा बाप दुकानदार. रस्त्याच्या वळणापाशी पोचलो असू, तेवढ्यात मागून ट्रॅक्टरची गाणी ऐकू आली आणि मी वळून बघितलं. रस्त्याच्या कडेकडेनं, शेपटी उभी करून, बत्ताशी येत होती. काठीचा ठोका तिला डांबरातून पोचत असावा. ती कडेची मधे आली. मागून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर.

"साडूभाऊ, मागं बघा!" मी बोंबललो.

ते चालतच होते. मागं बघायचं नसतं ना! मी पुन्हा जीव खाऊन ओरडलो, "अहो, बत्ताशी!"

साडूभाऊ वळले. घोंगडं टाकलं आणि मेंढरांतून वाट काढत ते धावत आले. होय, धावत, त्या गुडघ्यांनी. मला, मांजराला मागं टाकून पुढं गेले आणि दोन्ही हात पसरून ट्रॅक्टरसमोर उभे राहिले. मेंढरांसाठी गाड्या अडवतात तसे. ब्रेक किंचाळले, ट्रॉल्या कचकन हलल्या, चार ऊस रस्त्यावर घरंगळले. ड्रायव्हर वरून ओरडला, "ए म्हाताऱ्या, मरायचंय का बे?" बत्ताशी रस्त्याच्या मधोमध बसून पंजा चाटत होती. तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं.

मी घरंगळलेले ऊस कडेला सारायला वाकलो. आणि तेव्हा दिसलं, की ट्रॅक्टरच्या मागून अक्का येतायत. अनवाणी, हाताला ज्वारीचं पीठ तसंच.

साडूभाऊंनी मांजर उचलून छातीशी धरलं होतं. ते म्हणाले, "गावली गं. काय न्हाई झालं तिला. तू कशाला एवढ्या लांब आलीस मांजरामागं?"

"मांजर फाटकातून गेलेलं मला काय ठावं?" अक्का म्हणाल्या. "मी ह्या वळणापातुर येतेच की. दरसाल येते. तुमी कवा मागं बघितलं?"

ड्रायव्हर शिव्या द्यायचा थांबला. पुतण्या खाली बघायला लागला. मेंढरं आपापली उभी होती, खरंच अडली होती. साडूभाऊ एकदा अक्कांकडं, एकदा त्या वळणाकडं बघत होते. मग त्यांनी काठी पुतण्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "तू हो पुढं." माघारी येताना मी मुद्दाम मागं राहिलो. पुढं अक्का, मागं मांजर घेऊन साडूभाऊ.

त्यांनी पुन्हा जाण्याचं नाव काढलेलं नाही. परवा मी गेलो होतो. अक्का आत चहा टाकत होत्या, आणि आम्ही दोघं बागेत पेरूखाली बसलो होतो. साडूभाऊ बत्ताशीच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग एकदम म्हणाले, "पाव्हणं, एक कळत न्हाई. मी म्होरं गेल्यावर ती तितं किती येळ उभी ऱ्हात आसंल?"

मी म्हणालो, "अक्कांनाच विचारा की."

"इचारलं."

"मग? काय म्हणाल्या?"

त्यांनी आत स्वयंपाकघराकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तवा रस्ता कच्चा व्हता. म्हणती, धूळ खाली बसूस्तवर."